सात नंबरचा उपास

शर्वरी मगदूमच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले होते. ‘राहिलं’ हा शब्द तेरदाळ्यांनी स्वतःपुरता शोधून काढला होता. ‘दिलं नाही’ असं ते मनातसुद्धा म्हणत नसत.

पत्र दीड पानाचं होतं, निळ्या शाईतलं. बोलायला, बघायला, निरोप धाडायला इतकी साधनं हाताशी असताना तिने कागद घेतला होता, कारण ती दोन वर्षं त्यांच्या हाताखाली उमेदवारीला होती आणि तेरदाळे सर फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीत हे तिला ठाऊक होतं. जयसिंगपूरच्या घरात, पुस्तकांच्या कपाटात ते पत्र जपून ठेवलेलं होतं. त्यातल्या काही ओळी त्यांना न वाचताही दिसत.

‘सर, यंत्र तुमच्याकडून सगळं शिकलं. एकच गोष्ट आम्हाला उलगडत नाही. सात नंबरच्या बोअरिंग मशीनपुढे तुम्ही अधूनमधून कोरं कार्ड लावत होतात. का, ते तुमच्या एकाही वहीत लिहिलेलं नाही. पण ज्या दिवशी ते कार्ड लागलं, त्या दिवशी सगळ्या मशीन-शॉपचं काम वेळेत उरकलं. आम्ही त्याला तेरदाळे विराम असं नाव दिलं आहे. हे तुम्हाला कसं सुचलं, एवढं एक पान लिहून पाठवाल का?’

पत्र आलं त्या दुपारी त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं आणि जेवताना भात पुन्हा मागून घेतला. कुसुमताई म्हणाल्या, “बघा, तुम्हीच म्हणत होता ना, माझं काही उरणार नाही म्हणून?” संध्याकाळ होईतो मात्र तो आनंद विटला. नाव दिलं होतं. पण देणारी ती होती. त्यांच्या तेहतीस वर्षांना नाव ठेवायचा अधिकार तिच्याकडे कधी गेला? आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. ते कार्ड का लावलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते कारण कुठल्याही पानावर लिहिण्याजोगं नव्हतं.

*

शिरोलीच्या ओतीव भागांच्या कारखान्यात तेरदाळे उत्पादनाचं नियोजन बघत. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यात यंत्रं महत्त्वाची. यंत्रं सगळ्यांकडेच असतात. कारखान्यातलं खरं भांडण एकच: आधी कोणाचं? बावीस मशिनं, रोजची साठ-सत्तर कामं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम सगळ्यांच्या आधी. एका मशीनवर बाराच कामं लावायची म्हटली तरी त्यांचे क्रम होतात सत्तेचाळीस कोटी नव्वद लाखांवर. बावीस मशिनांचा हिशेब मांडायला विश्वाचं आयुष्य पुरायचं नाही. म्हणून जगातला कुठलाही नियोजक क्रम मोजत नाही, तो अंदाजाने लावतो. तेरदाळे सकाळी सहाला येत, भिंतीवरच्या लांबलचक फळ्यावर मशीनवार कामांची कार्डं खोचत, आणि नऊ वाजता दोन पावलं मागे सरून बघत. संध्याकाळी तो सगळा फळा आणि प्रत्यक्षात झालेलं काम वहीत उतरवून घेत. अशा चौसष्ट वह्या झाल्या होत्या.

फळ्याचा एक रिवाज होता. पांढरं, कोरं कार्ड लागलं म्हणजे त्या वेळात ते मशीन थांबणार. माल थंड झाला नसेल, हत्यार धारेला गेलं असेल, काहीही असेल. नियोजकाला ठाऊक असतं, बाकीच्यांनी विचारायचं नाही. तेरदाळे जैन, पर्युषण पर्वात कडक उपास करणारे. म्हणून शॉपमधली मंडळी कोऱ्या कार्डाला ‘सरांचा उपास’ म्हणत. “आज चार नंबरला उपास!” अशी आरोळी उठली की तेरदाळेही खाली मान घालून हसत.

सात नंबरवर, म्हणजे ओतीवात भोकं कोरणाऱ्या बोअरिंग मशीनवर, केरबा शेळके होता. सातवी शिकलेला, पण लोखंडाशी बोलल्यासारखा काम करणारा. इतरांना जॉब मशीनवर बांधून सेटिंग करायला चाळीस मिनिटं लागत, तो अठरा मिनिटांत बांधून मोकळा होई. एकदा मालक उभे असताना तो फळ्यासमोर आला आणि म्हणाला, “सर, ह्ये कार्ड खाली घ्या आनि त्ये वर. दोन सेटिंगं वाचत्यात बघा.” तेरदाळ्यांनी बघितलं. खरंच वाचत होती. मालक मोठ्याने म्हणाले, “तेरदाळे, फळा लावताना केरबाला विचारत चला.” सगळे हसले. तेरदाळेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, शॉपमध्ये कुणी नसताना, त्यांनी सात नंबरपुढे दीड तासाचं कोरं कार्ड खोचलं.

ते रागीट नव्हते. कुणाला टाकून बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. पण केरबा जोरात चालला, कुणी त्याची पाठ थोपटली, की पुढच्या सकाळी त्यांचा हात आपोआप कोऱ्या कार्डाकडे जाई. नऊ वर्षं हे चाललं. फोरमन निवडायची वेळ आली तेव्हा केरबाचं महिन्याचं काम आकड्यांत कमी भरलं, दुसराच कुणी फोरमन झाला आणि केरबा नोकरी सोडून गेला. तेरदाळ्यांनी त्याच्या निरोपसमारंभाला नारळ आणि शाल आणवली होती.

*

‘अनुक्रम’ हे शर्वरीचं यंत्र आलं ते तेरदाळ्यांच्या निवृत्तीच्या वर्षी. त्यातली कल्पना ओतकामाच्या माणसाला सहज कळावी अशी होती. तापलेलं ओतीव एकदम गार केलं तर त्यात ताण राहतो, ते तडकतं. भट्टीत हळूहळू निवू दिलं तर त्यातला कण अन् कण आपापली निवांत जागा शोधतो. कुणाला सांगावं लागत नाही. शर्वरीच्या गटाने नखाएवढ्या चकतीवर असे लाखो कण बसवले होते, की त्यांची प्रत्येक मांडणी म्हणजे कामांचा एक क्रम. चकतीला आधी जणू तापवायचं, मग निवू द्यायचं. ती स्थिरावली की चांगला क्रम तयार. मोजायचं काहीच नाही. सगळ्या शॉपला चार सेकंद.

पण चांगला क्रम म्हणजे कसला, हे त्या चकतीला कुणीतरी शिकवायला हवं होतं. त्यासाठी शर्वरीने तेरदाळ्यांच्या चौसष्ट वह्या मागितल्या, आणि त्यांनी त्या दिल्या. नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

पहिल्या दिवशी पडद्यावर उमटलेला फळा त्यांनी सवयीने दोन पावलं मागे सरून बघितला. यंत्र त्यांच्यापेक्षा भारी निघालं असतं तर एकवेळ चाललं असतं. ते त्यांच्यासारखंच होतं. मोठं काम दुपारी ढकलायची त्यांची खोड, शनिवारी हलकी कामं ठेवायची सवय, सगळं त्यात होतं, फक्त थकवा नव्हता. शर्वरी बाजूला उभी राहून म्हणाली, “सर, आवडलं?” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तिच्यासाठी. तेरदाळ्यांना वाटलं, आपल्या अंगावरचा सदरा कुणीतरी घालून आलंय आणि सगळे त्याला म्हणताहेत, काय शोभतोय!

आता ‘अनुक्रम’ चोवीस कारखान्यांत होतं. त्यांतला एक कागलचा, पंप बनवणारा. आणि त्यात तेरदाळ्यांची मुलगी पद्मजा पाच-अक्षी मशीन चालवत होती.

*

रविवारी जेवताना पद्मजाने ताट बाजूला सारलं.

“अण्णा, ह्या आठवड्यात तुमचा विराम मला चार वेळा. घरात बाप आडवा, कारखान्यात बापाचा विराम आडवा. मी जायचं कुठे?”

कुसुमताई हसल्या. तेरदाळ्यांनी पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

“चार वेळा?” ते म्हणाले.

“प्रत्येकी दीड तास. बुधवारी मी ठरल्यापेक्षा तीन जॉब जास्त काढले. साहेब शाबास म्हणाले. गुरुवारी सकाळी बघते तर विराम. शुक्रवारी परत. नुसतं स्टुलावर बसायचं. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायची सोय नाही, बोटाचा ठसा जुळला नाही की ते बंदच पडतं.”

“मग साहेबांना सांग की.”

“सांगितलं. ते म्हणतात, तेरदाळे विराम म्हणजे तीस वर्षांचा अनुभव आहे, यंत्राला तुझ्यात काहीतरी दिसलं असेल.” तिचा आवाज खाली आला. “आता बाकीचेही तसंच बघतात. कालच एकजण म्हणाली, तुझी तब्येत बरी आहे ना गं? अण्णा, वीस तारखेला विभागप्रमुख नेमणार आहेत, सहा महिन्यांच्या आकड्यांवरून. माझे आकडे सगळ्यांत खाली आहेत. आणि मलाच वाटायला लागलंय, की मी दिसते तेवढी चांगली नाही. शर्वरीमॅडमनी केलेलं यंत्र उगाच कशाला थांबवेल मला? मॅडम ग्रेटच आहेत. त्यांना भेटायला मिळालं ना, तर मी विचारणार आहे, माझ्यात काय कमी आहे ते.”

आपली मुलगी मोडून पडायला आली होती, आणि तेरदाळ्यांना सगळ्यांत आधी टोचले ते ‘मॅडम ग्रेट’ हे दोन शब्द. ही आपल्याला कधी ग्रेट म्हणाली नाही. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली, की ते उठून हात धुवायला गेले.

मोरीशी उभं राहून त्यांनी सगळं नीट मांडून पाहिलं. यंत्राला कारण कळत नाही. त्याला फक्त एवढं दिसतं, की कशापाठोपाठ काय आलं. वह्यांत त्याने पाहिलं: माणूस वेगाने पुढे गेला, की दुसऱ्या दिवशी कोरं कार्ड, आणि कोऱ्या कार्डाच्या दिवशी शॉपचं काम वेळेत. त्याने ते शहाणपण समजून उचललं. आता चोवीस कारखान्यांत जो कुणी पुढे सरेल, त्याला ते खाली बसवत होतं. तेरदाळ्यांचा मत्सर तिथे पगारावर लागला होता, आणि आज त्याच्यासमोर पद्मजा स्टुलावर बसली होती.

पण एक कोडं त्यांनाही सुटेना. कोऱ्या कार्डाच्या दिवशी काम खरोखरच का उरकत होतं? आणि त्या कोड्यात त्यांना एक पळवाट दिसली. खरंच काही उपयोग होत असेल तर? सात नंबर तापत असेल, त्याला विसावा मिळत असेल. तसं असलं तर तेवढंच लिहिता येईल. पद्मजाचं मशीन तापत नाही, सबब तिथला विराम काढा. बाकी कुणाला काही कळायचं कारण नाही.

*

केरबाचा आता मुडशिंगीला स्वतःचा छोटा कारखाना होता. उसावर फवारणी करणारे ड्रोन त्याच्याकडे दुरुस्तीला येत. सोमवारी दारात तेरदाळे दिसताच तो हातातला पाना ठेवून उठला.

“आवो, प्लॅनिंगच आलं की दारात! का, आज माझा उपास हाय?”

तेरदाळ्यांचं तोंड उतरलं. केरबाने खुर्ची पुसून दिली.

“केरबा, एक विचारायचं होतं. आपलं सात नंबर... ते तापायचं का रे? स्पिंडलला वगैरे काही...”

“सात नंबर? लोण्यागत चालायचं. का वं?”

“नाही, मी ते कोरं कार्ड लावत होतो ना मधून मधून...”

केरबा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, तुमी लावत हुता, आनि कारण मला इचारताय?”

तेरदाळे समोरच्या ड्रोनकडे बघायला लागले.

“साऱ्या शॉपला म्हाईत हुतं,” केरबा म्हणाला. “आदल्या दिवशी मी लई पळालो, की दुसऱ्या दिवशी उपास. पोरं पैजा लावायची. केरबा, मालकानं पाठ थोपटली न्हवं, उद्या तुला भाकरी न्हाई!”

“मग तू कधी बोलला का नाहीस?”

“कोऱ्या कार्डाचं कारण इचारायचं न्हाई, ह्यो कायदा कुनाचा?”

पंधरा-वीस वर्षं जे गुपित म्हणून त्यांनी छातीशी धरलं होतं, ते बावीस मशिनांवर डब्यातल्या भाजीसारखं वाटून खाल्लं गेलं होतं.

“आणि त्या दीड तासात तू काय करायचास?”

“मी काय बसून ऱ्हानारा मानूस हाय? आठ नंबर, अकरा नंबर, जिकडं अडलंय तिकडं जायचो. सेटिंग करून द्यायची, बिघडलेलं नीट करायचं. काम त्येच्या नावावर. मला काय, हात चालल्याशी कारन.”

तर असं होतं. वहीत लिहिलं गेलं ते आठ नंबरचं काम, अकरा नंबरचं काम. केरबाचे हात कुठल्याच रकान्यात आले नाहीत. विरामाने कधीच काही साधलं नव्हतं. थांबवलेला माणूस थांबत नव्हता, म्हणून सगळं साधत होतं. आणि कागलला बोटाचे ठसे लागत होते.

“राग आला असेल तुला,” तेरदाळे म्हणाले.

“आला हुता की. फोरमनकी गेली माझी. पाच-सा वर्सं तुमी रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायचो. मग ह्यो धंदा वाढला. राग धरायला सवड मिळंना.” तो थांबला. “न्हाई, समदा गेलाय असं न्हाई म्हनत मी.”

मग तेरदाळ्यांनी त्याला यंत्राचं सांगितलं. चौसष्ट वह्या, चोवीस कारखाने, विरामाला मिळालेलं नाव. केरबा आधी मांडीवर थाप मारून हसला, मग हसता हसता थांबला.

“आमी त्याची चेष्टा करायचो म्हनून भागलं, सर. त्या यंत्राला चेष्टा कळतीया व्हय? ते खरं धरून बसलं. आनि आता कोन बसलंय उपासाला?”

“माझी मुलगी.”

केरबाने पाना उचलला. “मग हितं कशाला आलाय? जावा की तिकडं.”

*

मंगळवारी सकाळी ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर ‘मानवी थकव्याच्या दृष्टीने’ अशी सुरुवात झाली. वाक्य छान होतं. तेरदाळे आयुष्यभर चांगली वाक्यं वाचत आले होते, त्यांच्याआड काय लपवतात हे त्यांना कळत होतं. त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर ‘अनवधानाने’ आलं. तोही फाडला. तिसरा कागद त्यांनी पद्मजापुढे ठेवला तेव्हा ती दुपारच्या पाळीसाठी डबा भरत होती.

“आधी तू वाच,” ते म्हणाले.

तिने हात पुसले आणि ओट्याला टेकून वाचायला लागली.

‘चि. शर्वरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. उशीर झाला नाही. मी मुद्दाम दिलं नाही.

सात नंबरवर केरबा दादू शेळके काम करत होता. तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्याचं काम कमी दिसावं म्हणून मी ते कार्ड लावत होतो. दुसरं काहीही कारण नव्हतं. त्या दिवशी शॉपचं काम उरकायचं, कारण मोकळ्या वेळात केरबा इतरांची मशिनं चालती करून द्यायचा. ते मी वहीत लिहिलं नाही. मला काल कळलं. तुझ्या यंत्राने माझा मत्सर अनुभव समजून घेतला आहे. तो विराम चोवीसही ठिकाणांहून काढ. तो ज्यांना मिळाला ती माणसं कमी नाहीत. उलट त्या यादीत तुला प्रत्येक कारखान्यातली सर्वांत चांगली माणसं सापडतील. त्यांचे आकडे वीस तारखेपूर्वी दुरुस्त करायला सांग. त्यांत माझी मुलगी आहे, हे लपवत नाही.

तुला उत्तर का दिलं नाही, त्याचंही कारण तेच. तुझं यंत्र बघितलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला. हे लिहितानाही वाटतो आहे. त्या विरामाला दिलेलं माझं नाव तसंच राहू दे. फक्त तो कशाचा, हे खाली लिही.’

पद्मजाने कागद वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

“म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि तुम्हाला हे रविवारीच कळलं होतं. मी ताटावर रडायच्या बेताला आले होते, तेव्हा.”

“हो.”

“अण्णा, मी सहा महिने आरशात बघून स्वतःला विचारत होते.” तिने डब्याचं झाकण लावलं, ते लागेना, पुन्हा लावलं. “मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही. केरबाकाकांना मी भेटून येईन. तुम्ही बरोबर येऊ नका.”

“बरं.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “खाली सही नाही केलेली.”

त्यांनी सही केली. ती निघून गेल्यावर कुसुमताईंनी आतून विचारलं, “अहो, फोन करून सांगितलं तर आत्ताच्या आत्ता नाही का होणार?” तेरदाळे म्हणाले, “फोनवर मी गोड करून सांगेन.”

पोस्ट आता बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. काउंटरवरच्या मुलीने पाकीट तोललं, पुण्याचा पत्ता वाचला आणि विचारलं, “स्पीडपोस्ट ना? परवा पोचेल. आजोबा, परत हवं असेल तर आत्ताच सांगा. सव्वाबाराला थैली बंद होते, मग मिळत नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तेरदाळे बाकावर बसले. पाच मिनिटं त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मुलीने थैलीचं तोंड आवळलं, शिक्का मारला, आणि मागच्या दाराने गाडीत नेऊन टाकली.